खाड्याचा दिवस

पहाटे ३.३०

पडवीत चोवीस मुलं झोपली आहेत. कॉलेजची, रायगड चढायला आलेली. सतरंजीला सतरंजी लागलेली, पाठपिशव्या उशाशी. त्यांची झोप मोडू नये म्हणून मावशी चुलीत लाकूडसुद्धा आवाज न करता सरकवतात.

डिसेंबरचा पहिला आठवडा. पाचाडला थंडी महाडच्या आधी पोचते. परातीत तांदळाचं पीठ, त्यावर उकळतं पाणी. आधी उलथन्याने कालवायचं, मग वाफ असतानाच मळायचं. आज पाच किलो पीठ. दळायला किलोला आठ रुपये. लाकडाची मोळी दीडशेला. कातकरवाडीतली बाई डोक्यावरून आणून देते, दोन दिवस पुरते. गॅसची शेगडी आहे. तिच्यावर चहा आणि पोहे. भाकरी मात्र सगळे चुलीवरचीच मागतात.

ताट १२० रुपयांना. दोन भाकऱ्या, पिठलं, ठेचा, कांदा, पेलाभर ताक. चोवीस ताटांचे २,८८० रुपये. शनिवार-रविवार सोडून एवढं गिऱ्हाईक क्वचित येतं. आज आलं आहे, आणि आजच मावशींना खारघरला जायचं आहे.

"तारीख पुढे ढकलता आली नसती का?" मी विचारते.

"गिऱ्हाईक परत येतंय. तिकडची तारीख मोडायची नाय."

थापताना त्या पीठ मनगटाने चाचपून बघतात. बोटांची टोकं बधिर आहेत. केमो संपून तीन वर्षं झाली, एवढं मागे राहिलं. "गरम हाय का गार त्ये बोटांना कळत नाय. मनगटाला कळतं." दोन तव्यांवर दोन भाकऱ्या. एक फुगेपर्यंत दुसरी थापून तयार.

४.४५

तीस भाकऱ्या झाल्या. सून उठली. "आई, उठा आता, मी बसते," म्हणाली आणि पाटावर बसलीसुद्धा. उरलेल्या वीस तिच्या.

मावशींनी चहा घेतला आणि आजाराचं बोलल्या. चार वर्षांपूर्वीच्या भातलावणीत पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. वय पन्नास. सगळ्यांना वाटलं गॅस. ओवा झाला, जिरं-पाणी झालं, गोळ्या झाल्या. गणपतीपर्यंत परकराची नाडी दोन बोटं सैल करावी लागली, आणि हातपाय मात्र वाळत चालले. गावच्या आशाताईने ते पाहिलं. "हे गॅसचं नाय, मावशी, सोनोग्राफी करा," म्हणून ती मागेच लागली. महाडला सोनोग्राफी झाली. पोटात पाणी आणि अंडाशयावर गाठ निघाली.

अंडाशयाचा कर्करोग बहुतेक बायकांना असाच उशिरा सापडतो. अंडाशय पोटाच्या तळाशी असतं. गाठ वाढायला तिथे जागा भरपूर, म्हणून दुखत नाही. दिसतं ते पोटफुगी, भूक मंदावणं, ओटीपोटात जड वाटणं. कष्टाच्या घरातली बाई एवढ्या कारणासाठी डॉक्टरकडे जात नाही.

आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग तीन केमो. दर एकवीस दिवसांनी एक. खर्चाचा मोठा भाग जन आरोग्य योजनेत बसला. येण्याजाण्याचा, राहण्याचा, बुडालेल्या दिवसांचा बसला नाही. तो कोपऱ्यावर दुकानाचं नाव छापलेल्या एका छोट्या डायरीत आहे. आजचं पानही त्यांनी घालून ठेवलं आहे, वर तारीख, खाली कोरं.

५.४०

रात्री मुक्कामाला आलेली एसटी उभी आहे. ड्रायव्हर काच पुसतो आहे. अंधारात मागे गडाची भिंत. जिजाऊंचा वाडा इथेच पाचाडला. गडावरचं वारं त्यांना मानवत नव्हतं म्हणून शिवाजी महाराजांनी तो खाली बांधला, असं इथे सांगतात. समाधीही इथेच, १६७४ च्या जूनमधली. मावशी तिकडे हात जोडतात आणि मग गाडीत चढतात.

हातात कापडी पिशवी. तिच्यात फाईल, सीटी स्कॅनच्या फिल्मा, पाण्याची बाटली, भाकरीचा डबा. बायकांना अर्धं तिकीट, पंचवीस-सव्वीस रुपये. तिकीट डायरीत घडी करून जातं.

कोंझर, नाते, लाडवली. दुधाच्या किटल्या चढतात, शाळेची पोरं चढतात, एमआयडीसीतली पहिली पाळी चढते. नातेखिंडीपर्यंत उभं राहायलाही जागा नाही. मावशींनी पिशवी पोटाशी धरली आहे, ऑपरेशनच्या व्रणाला कुणाचा कोपर लागू नये म्हणून.

६.४०

महाडचं स्टँड. धाकटी बहीण चहाच्या टपरीशी उभी. तिचं सासर पोलादपूर तालुक्यात, डोंगरातल्या वाडीवर. एवढ्या सकाळची गाडी तिथून नाही. म्हणून ती काल संध्याकाळीच पोलादपूरला नणंदेकडे येऊन राहिली. सध्या झोडणीचे दिवस आहेत. बाईमाणसाला साडेतीनशे रुपये आणि दुपारचं जेवण. काल दुपारनंतरचा अर्धा आणि आजचा पूर्ण, दीड खाडा.

"अक्का, ऊन ऊन घे," म्हणून ती चहा पुढे करते. तीन चहा, तीस रुपये. देण्यावरून दोघींचं भांडण होतं आणि धाकटी जिंकते.

आज खरं काम तिचं आहे. अक्काच्या रक्तात एका जनुकात दोष सापडला. सख्ख्या बहिणीत तो असायची शक्यता अर्धी. ती एक्केचाळीस वर्षांची आहे, दोन मुलं आहेत, काही दुखत-खुपत नाही. आज ती रक्त द्यायला चालली आहे.

७.०५

पनवेलकडची गाडी. अर्धं तिकीट शंभराच्या थोडं वर. माणगाव येईपर्यंत दोघी झोपल्या. एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर.

आमच्याकडे "टाटाला नेलं" एवढंच म्हणतात. कुणी विचारत नाही काय झालंय, ते समजतं. मला नेहमी वाटतं, हे नाव उच्चारणाऱ्यांना त्या घरातली एक गोष्ट माहीत असायला हवी. मेहेरबाई टाटा १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये गेल्या. रक्ताचा कर्करोग. नवरा, सर दोराबजी, मागे राहिला. मूलबाळ नव्हतं. मार्च १९३२ मध्ये त्यांनी आपली मालमत्ता एका ट्रस्टला दिली. एप्रिलमध्ये पत्नीच्या नावाने दुसरा केला, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट. त्याच्या उत्पन्नाचे पाचातले चार भाग जगात कुठेही चाललेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाला जायचे होते. त्या काळी या आजारावर औषध नव्हतं. आपल्या माणसाला आता उपयोग नाही हे माहीत असताना दिलेला हा पैसा. ३ जून १९३२ ला दोराबजीही गेले, इंग्लंडला पत्नीच्या थडग्याकडे निघाले असताना, वाटेत जर्मनीत.

त्यांच्याकडे २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा होता, मेहेरबाईंसाठी घेतलेला. १९२४ मध्ये जमशेदपूरचा पोलाद कारखाना अडचणीत आला तेव्हा तो बँकेत गहाण पडला होता आणि सुटूनही आला. दोघं गेल्यावर तो विकला गेला आणि पैसा दोराबजींच्या ट्रस्टमध्ये आला. त्याच ट्रस्टने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं.

कोलाडला गाडी थांबली. धाकटी जागी झाली. मी हे तिला सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे टाटाबाईंना पण झाला होता?"

"हो. रक्ताचा."

"आन् पोरं नव्हती."

"नव्हती."

ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. नागोठणं आल्यावर म्हणाली, "माझ्या आईला कुणी कुठं नेलंच नाय."

१०.४५

पनवेल. स्टँडवरून रेल्वे स्टेशन, तिथून खारघरपर्यंत लोकल. दहा रुपये तिकीट. मावशी जिना कठडा धरून चढतात, एकेक पायरी. तळपायही बधिर आहेत, पायरीची कड कळत नाही. पुढे शेअर रिक्षा.

११.२५

ॲक्ट्रेक. टाटा मेमोरियल सेंटरचं संशोधनाचं ठिकाण, रायगड जिल्ह्यातच, पनवेल तालुक्यात. मागे खारघरचा डोंगर. मावशी म्हणतात, "इथं डोंगर हाय म्हणून बरं वाटतं."

मूळ संस्था परळची. १९५२ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांनी तिथे कर्करोग संशोधन केंद्र उभं केलं. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे तिथल्याच. शरीराबाहेर काचेत पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा त्यांनी तिथे घातली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध असावा, हे त्यांनी फार लवकर मांडलं होतं. १९६२ मध्ये टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याकडे गेलं, म्हणजे मुख्य खर्च सरकारी. संशोधनाचा भाग २००२ मध्ये इथे खारघरला आला.

मावशींना यातलं काही नको आहे. त्यांना रक्त कुठल्या खिडकीवर, ते पाठ आहे.

१२.१०

रक्त. मावशींची शीर सापडत नाही. केमोने हाताच्या शिरा कडक झाल्या आहेत. सिस्टर हात कोमट पाण्यात धरायला सांगते. दुसऱ्या खेपेला मिळाली. हे रक्त सीए-१२५ साठी. गाठ परत धरते आहे का, त्याचा हा एक माग. पस्तीसच्या आत असला की ठीक. मावशींचा पहिला आकडा हजारावर होता. मागच्या वेळी चौदा.

मग बाकावर बसणं. शेजारी जळगावची एक बाई, पलीकडे बिहारची माय-लेक. कुणी कुणाला आजार विचारत नाही. "कितवी?" एवढंच विचारतात, म्हणजे कितवी केमो. मावशी म्हणतात, "माझ्या संपल्या." ती बिहारची मुलगी आईला ते हिंदीत सांगते. आई मावशींच्या वाढलेल्या केसांकडे बघते.

१.००

डबा. सकाळच्या भाकऱ्या, लसणीची चटणी, कांदा. कँटीनमधून फक्त ताक, दोन पेले. धाकटी अर्धीच भाकरी खाते.

"भूक नाय का?" अक्का लगेच विचारते.

"पोट फुगलं नाय माझं. भीती वाटते, म्हणून."

१.४०

समुपदेशनाची खोली. टेबल, तीन खुर्च्या, कोरा कागद. समोरची मुलगी तिशीची, मराठी बोलणारी. पहिलं वाक्य, "तुम्ही आज नाही म्हणालात तरी चालेल. अक्कांच्या उपचारात काही फरक पडणार नाही."

मग ती कागदावर घराणं काढायला घेते. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. आजार झालेला गोल काळा करायचा, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. अक्काचा गोल काळा. धाकटीचा कोरा, त्याला बाण. वरच्या ओळीत आई.

"आई कशाने गेली?"

"पोटात पानी झालं व्हतं." दोघी एकदम.

"वय?"

वय कुणालाच नीट माहीत नाही. अक्काचं लग्न झालं त्याच्या दोन वर्षांनी. हिशेब करून पन्नाशीच्या आत निघतं. काळा गोल, तिरपी रेघ.

"आईच्या बहिणी?"

एक मुंबईला दिलेली, लालबागला. छातीत गाठ होती म्हणतात. तिचं नाव आठवायला दोघींना वेळ लागतो. माहेरचं एक, सासरचं दुसरं. शेवटी माहेरचं आठवतं. दुसरी बहीण लहानपणीच गेली. आजीचं काही माहीत नाही. तिचा गोल कोरा राहतो आणि त्याच्या शेजारी प्रश्नचिन्ह.

पंचवीस मिनिटांत कागद भरला. मी तो उलटा बघत होते. एकाच घराण्यातल्या चार पिढ्यांतल्या बाया, ज्यांची नावं सातबाऱ्यावर कुठे नसतील, त्या सगळ्या इथे ओळीने काढलेल्या.

मुलगी समजावते. बीआरसीए नावाची दोन जनुकं असतात, प्रत्येकाच्या अंगात. पेशीतली बिघडलेली ओळ दुरुस्त करणं हे त्यांचं काम. दोष असला की दुरुस्ती नीट होत नाही. त्यातल्या पहिल्यात दोष असलेल्या शंभर बायांपैकी चाळीसेक जणींना आयुष्यात अंडाशयाचा कर्करोग होऊ शकतो. इतर बायांत तो शंभरात एखादीलाच. म्हणजे दोष असला तरी होईलच असं नाही.

हे जनुक असंच घराणी काढून काढून सापडलं. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी १९७० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगाची घराणी जमवायला घेतली. १९९० मध्ये त्यांना जनुकाची जागा मिळाली, आणि १९९४ मध्ये इतरांनी जनुकच वेगळं काढलं. वीसेक वर्षं गेली. मावशींना दिलेलं एक औषध, पॅक्लिटॅक्सेल, त्याहून लांबलं. ते ज्या झाडातून निघालं, त्याची साल १९६२ मध्ये गोळा केली. अंडाशयाच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली १९९२ मध्ये. मावशी जन्मल्या त्याच्याही आधी सुरू झालेलं काम. असं काम वर्षाच्या अंदाजपत्रकात बसत नाही. म्हणून ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, ती घरं पुढे येतात. सिएटलच्या डॉ. सॉल रिव्हकिन यांची पत्नी मार्शा १९९३ मध्ये याच कर्करोगाने गेली. ते स्वतः कर्करोगाचे डॉक्टर. १९९६ मध्ये त्यांनी तिच्या नावाने अंडाशयाच्या कर्करोगाच्या संशोधनाचं केंद्र काढलं.

धाकटीला आता विचारायचं आहे. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते.

"निघाला दोष, तर?"

"मुलं झाली आहेत तुमची. तर अंडाशयं आणि नळ्या आधीच काढून टाकता येतात. धोका खूप कमी होतो. पाळी मात्र लगेच जाते, त्याचा त्रास होतो, तो सांगेन मी. घाई नाही. विचार करून ठरवायचं."

"काढल्यावर भारा उचलता येतो का? भाताचा?"

त्या मुलीने हा प्रश्न आधी ऐकलेला असावा. ती अजिबात थबकली नाही. "सहा आठवडे नाही. नंतर हळूहळू येतो."

"लावणीत नको मंग. दिवाळीनंतर."

अजून रक्तही दिलेलं नाही, आणि ऑपरेशनचा महिना ठरला.

मग संमतीचा कागद. मराठीत छापलेला, चार पानं. मुलगी एकेक परिच्छेद वाचून दाखवते. शेवटी दोन वेगळ्या चौकटी. पहिली तपासणीसाठी. दुसरी, उरलेला नमुना पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवायचा का, याची. त्यातून तुम्हाला स्वतःला काही फायदा होईलच असं नाही, नंतर कधीही नाही म्हणता येईल, अधूनमधून फोन करून तब्येत विचारली जाईल, असं तिथे लिहिलं आहे.

"किती वर्षं ठेवनार?"

"पुष्कळ वर्षं. उणे ऐंशी अंशात."

धाकटी अक्काकडे बघते. अक्का म्हणते, "माझं ठेवलंय. ऑपरेशनची गाठ पण ठेवली."

धाकटी सही करते. सातवीपर्यंतची सही, एकेक अक्षर सुटं. दोन्ही चौकटींत. जांभळ्या टोपणाची नळी भरते. सिस्टर ती हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीपालटी करते, रक्त गोठू नये म्हणून. अहवालाला महिना-दीड महिना.

त्या खोलीत मला हिऱ्याची आठवण झाली, आणि साडेतीनशे रुपयांच्या खाड्याची. दोन्ही एकाच फ्रिजरसाठी लागतात. कपाट उभं करायला एका घराचा पैसा, आत ठेवायला दुसऱ्या घराचं रक्त. नुसती नळीही पुरत नाही. पाच वर्षांनी ती बाई कशी आहे हे कळलं तर नळीला अर्थ. म्हणून तारीख मोडायची नाय.

३.१०

डॉक्टर मॅडम. पडद्यामागे पोट तपासतात. भूक? वजन? पोट लगेच भरल्यासारखं? लघवी? सगळं ठीक. सीए-१२५ चा आकडा संध्याकाळपर्यंत फोनवर येईल. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं होतं, आता सहा महिन्यांनी. पुढची तारीख जूनमधली.

"जूनमध्ये पेरणी," मावशी म्हणतात.

"पेरणी झाली की या. आठवडा इकडेतिकडे चालेल. पण या."

बाहेर येताना धाकटी विचारते, गावातल्या सगळ्याच बायांची अशी दरवर्षी तपासणी का करत नाहीत. याचं उत्तर आहे, आणि ते मिळवायला वीस वर्षं लागली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायांवर हे करून पाहिलं. २००१ पासून भरती. काहींची दरवर्षी सीए-१२५ तपासणी, काहींची सोनोग्राफी, बाकीच्यांची काहीच नाही. २०२१ मध्ये निकाल आला, तपासणीने मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून निरोगी बाईने दरवर्षी हे रक्त तपासावं असं आज कुणी सांगत नाही. घराण्यात आजार असेल तर जनुक तपासणं, आणि पोट दोन-तीन आठवडे सतत फुगलेलं असेल तर सोनोग्राफी, हे मात्र सांगतात. पाचाडच्या आशाताईने नेमकं तेच सांगितलं होतं.

४.५०

पनवेल स्टँड. दोन वडापाव, चाळीस रुपये. सुनेचा फोन. ताटं सगळी गेली, दोन भाकऱ्या उरल्या, मुलांनी शंभर रुपये जास्त दिले. मावशी विचारतात, "पिठलं पातळ झालं होतं का?" झालं होतं थोडं.

गाडीत मावशी डायरी काढतात. धाकटीचे पैसे त्यांनी आपल्याच पानावर मांडले आहेत, खाड्यासकट. धाकटीला ते दिसतं. "माझं कशाला लिवतेस?" "माझ्यामुळं आलीस ना." "आईमुळं आली," धाकटी म्हणते आणि डायरी मिटते. तो दीड खाडा अक्काच्याच पानावर राहतो.

पेणच्या पुढे फोन वाजतो. आकडा आला. सोळा. मावशी दोनदा विचारून घेतात, सोळा का साठ. सोळा.

८.२०

महाड. धाकटीला पोलादपूरची गाडी लगेच मिळाली. चढताना ती म्हणाली, "अहवाल आला की मी एकटी येईन आनायला, तू नको बुडवू." अक्काने उत्तर दिलं नाही. ती येणार हे दोघींना माहीत आहे.

पाचाडची मुक्कामी गाडी लागलेली. मावशींचा मुलगा आत बसला आहे, रुमाल टाकून शेजारची जागा धरून. तो एमआयडीसीत ठेकेदाराकडे आहे, हजेरीवर. आज ओव्हरटाइम करून थांबला. आई बसल्यावर त्याने पहिलं विचारलं, "किती आला?"

"सोळा."

नातेखिंडीनंतर गाडी रिकामी झाली. मावशींनी त्याला घराण्याचा कागद कसा काढला ते सांगितलं, गोल आणि चौकोन. तो ऐकत होता. त्याला चार वर्षांची मुलगी आहे.

"तिचं पण तपासतात?"

याचं उत्तर समुपदेशनाच्या खोलीतल्या मुलीने दुपारी दिलं होतं, निघता निघता. लहान मुलांचं तपासत नाहीत. अठरा पुरी झाली की तिचं ती ठरवील. पण त्याआधी बापाचं. हा दोष मुलग्याकडेही अर्ध्या शक्यतेने येतो. पुरुषाला अंडाशय नाही, तरी तो पुढे लेकीकडे जाऊ शकतो. बापात नसला तर लेकीची काळजी तिथेच संपली.

मुलगा बराच वेळ बोलला नाही. कोंझरच्या चढावर गाडीने गिअर बदलला.

"म्हंजे मी दिलं रक्त, तर तिला द्यायला लागनार नाय?"

"तुझ्यात नसला तर नाय," मावशी म्हणाल्या.

"आन् असला तर?"

"तर तिला मोठी झाल्यावर सांगायचं."

"एक खाडा जाईल," तो म्हणाला. "सहाशे."

"जाईल."

"सोमवारी हप्ता सुटी असते माझी. सोमवारी चालतं का तिथं?"

मावशींनी पिशवीतून फाईल काढली आणि मोबाईलच्या उजेडात खिडकीच्या वेळा छापलेलं पान शोधायला लागल्या.